बुजऱ्या सावीसाठी घर शोधताना

माझ्या सावी मांजरीला दत्तक नेलेल्यांनी पाचव्या दिवशी परत आणून सोडलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पार्किंगमधून उचललेली ही पट्ट्यापट्ट्यांची भाटी. जंताचं औषध, लसी, नसबंदी, सगळं दीड-दोन महिन्यांत उरकलं. अडलं ते घराशी. फोटो बघून लोक यायचे आणि सावी कपाटामागे. ‘मांडीवर बसते का?’ नाही म्हटलं की चहा पिऊन निघून जायचे. चार महिने हेच.

शेवटी एका कुटुंबाने नेली. ‘आम्हाला मांजरांची सवय आहे,’ म्हणाले. मी बजावलं होतं, सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा, लपली तर लपू द्या. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी तिला हॉलमध्ये सोडलं, बघायला पाहुणे बोलावले. तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनमागून झाडूने हुसकून काढलं. पाचव्या दिवशी कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, माझ्या दारात ठेवून म्हणाले, ‘ही माणसाळणारी नाही.’ पाच दिवसांत ठरवलं! धीट मांजरालाही नवं घर अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, बुजऱ्याला महिने. परत आल्यावर तिने दीड दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मांजर सलग काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांकडे धावले. रात्री दोनला तिने माझ्या बोटावरचं उकडलेल्या चिकनचं पाणी चाटलं, तेव्हा मला रडू फुटलं. पण माझ्या हातून खाणारी सावी आता माझ्याच पावलांना घाबरत होती. ते सावरायला सहा आठवडे गेले.

मग जाहिरातीची पहिली ओळच बदलली: ‘दोन महिने दिसणार नाही, चालेल?’ फोन एकदम कमी झाले. तेच हवं होतं.

एका निवृत्त काकांनी विचारलं, ‘ती लपेल तिथेच पाणी ठेवू, की थोडं लांब?’ तेव्हाच माझं ठरलं. तरी घर बघून आले. खिडक्यांना, गॅलरीला जाळी नसेल तर मांजर देऊच नका, घाबरलेलं मांजर मिळेल त्या फटीतून निसटतं. काकांनी दिवाणाखालचं सामान आधीच हलवलं होतं. हात पुढे करू नका, जमिनीवर बसा, तिच्याकडे टक लावून न बघता डोळे संथपणे मिटा, एवढंच त्यांना सांगितलं.

आणि हो, निघायच्या दोन आठवडे आधीपासून कॅरिअर खोलीत उघडं ठेवा, म्हणजे ते तिच्या ओळखीचं होतं. सोबत तिची चादर न धुता द्या. पहिल्या वेळी मी ती स्वच्छ धुऊन दिली होती. तिला ओळखीचा वासच उरला नाही, ही माझी चूक.

काका रोज रात्री कळवायचे, ‘वाटी रिकामी.’ 39 दिवस तेवढंच. 40व्या दिवशी फोटो आला: दिवाणाशेजारी काकांची चप्पल, आणि तिच्यावर हनुवटी टेकून झोपलेली सावी.