अगस्त्योदय: दिसला एकदाचा, पण 13 कालांशांचं गणित फसलं

मंडळी, मेपासून सूर्याच्या उजेडात लपलेला अगस्त्य तारा पहाटे पुन्हा दिसला! 22 ऑगस्ट, पहाटे 5:34, सुप्याजवळच्या शेतातली विहीर. रात्रभर भुरभुर होती, साडेचारला आग्नेयेकडे उघडलं. व्याध वर लखलखत होता. त्याच्या खाली उजवीकडे, हात लांब केल्यावर पावणेदोन वितीवर, बाभळीच्या शेंड्याला टेकलेला पिवळट ठिपका थरथरत होता. आधी दुर्बिणीत, मग नुसत्या डोळ्यांनी. 5:50पर्यंत नजर हलवली नाही.

मागच्या नोंदीतला 10 ऑगस्टचा अंदाज मात्र चुकला, आणि का ते आता कळलं. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात अगस्त्याला 13 कालांश आहेत (एक कालांश म्हणजे 4 मिनिटं), म्हणजे दिसण्यासाठी तारा सूर्याच्या 52 मिनिटं आधी उगवायला हवा. पुण्याच्या अक्षांशावर ते 10 तारखेलाच जमतं. पण चित्रा या दुसऱ्या ताऱ्यालाही 13च, आणि दोघांची चढण सारखी नाही! चित्रा उगवल्यावर तासाला जवळपास 14 अंश चढते. अगस्त्य दक्षिणेकडे तिरका सरकत जेमतेम पावणेआठ. त्यामुळे 10 तारखेला फटफटू लागतं तेव्हा तो दोन अंशही वर नसतो. तिथे हवेचा थर डोक्यावरच्या वीसपट. हवा प्रकाश किती गिळते तो आकडा म्हणजे k. दमट हवेत तो 0.3 धरला तर सहा प्रती (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा मोठा तितका तारा मंद) गिळल्या जातात आणि उणे 0.7चा तारा पाचव्या प्रतीचा होतो. सात अंशांवर दोन-सव्वादोनच जातात. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणकप्रणालीत हा k स्वतः बदलल्याशिवाय तिथे दिसणाऱ्या अगस्त्योदयावर विसंबू नका.  

एक गोष्ट अजून छळतेय. 17 ते 21 सलग ढग होते. मग 22 ही खरी पहिली तारीख, की नुसती पहिली उघडीप? पुढच्या वर्षी गोव्यात जायचं ठरवलं होतं, तिथे तो पाचेक दिवस आधी उगवतीला येतो. पण पाऊस तिथे जास्तच.

हे लिहिता लिहिता सुचलं: अस्त धरू या! मेच्या पहिल्या आठवड्यात हाच तारा संध्याकाळच्या उजेडात बुडतो, तेव्हा ढगांचा एवढा त्रास नसतो. हवा धुरकट, म्हणून k वेगळा निघेल. पण सूर्य किती अंश खाली असताना तो किती उंचीपर्यंत टिकतो, हे रोजच्या रोज मोजता येईल. गोवा रद्द. कोल्हापूर, सोलापूर, पणजीकडच्यांनी 25 एप्रिलपासून रोज तो शेवटचा दिसल्याची वेळ आणि उंची लिहून ठेवाल का?