मेहुण्याची वायर

गेल्या दिवाळीत मेहुणा पुण्याहून स्पीकरची वायर घेऊन आला. अंगठ्याएवढी जाड, वर विणलेलं कापडी कव्हर. "दाजी, नऊ हजारांची आहे. तुमची ती दिव्यांच्या माळेची वायर टाका आता."

माझी वायर म्हणजे नवी पेठेतून मीटरवर कापून आणलेली साधी दीड एमएमची. काढली, नवी लावली. रात्री शेजारच्या शेडमधले माग थांबल्यावर गायक मल्लिकार्जुन मन्सूरांची भैरवी लावली आणि अक्षरशः उडालोच. इतके दिवस पोकळ वाजणारा डग्गा खोलीच्या मधोमध येऊन बसला होता! आठवडाभर चार जणांना सांगत फिरलो.

मग जुनी वायर गुंडाळून माळ्यावर टाकताना डाव्या तुकड्याकडे नीट बघितलं. वायरीत दोन तारा, ओळखायला एकीवर पट्टी. एका टोकाला लाल टेप पट्टीच्या तारेवर, दुसऱ्या टोकाला बिनपट्टीच्या. म्हणजे घराला रंग दिला तेव्हापासून माझा डावा स्पीकर उलटा जोडलेला. एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. जुनीच वायर सरळ करून लावली. डग्गा जागेवर.

तरी मन मानेना. बायकोला स्पीकरमागे बसवलं, मी डोळ्यांवर टॉवेल बांधला. आवाजाच्या बटणाला हात नाही, वायर कुठली ते तिने चिठ्ठी काढून ठरवायचं. बारा वेळा ऐकलं, सात बरोबर. नाणं उडवलं असतं तरी सहा आलेच असते. वर ती म्हणते, "सलग तीनदा जुनीच निघाली. मधल्या खेपेला तुम्ही 'आता कसा मोकळा झाला' म्हणालात."

हिशेबही तेच सांगतो. चार मीटर जाऊन-येऊन आठ मीटर तांबं, दीड एमएममध्ये विजेला विरोध जेमतेम 0.1 ओहम. समोर स्पीकर 8 ओहमचा. फरक एक दशांश डेसिबल, आणि डोक्यावर पंखा फिरतोय! केसासारखी बारीक वायर पंधरा-वीस मीटर ओढून 4 ओहमच्या स्पीकरला लावली, तर गोष्ट वेगळी. तिथे आवाज पडतो, पोतही बदलतो. प्लेअर-अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्या आरसीए वायरची पिन सैल असली किंवा रेकॉर्ड प्लेअरची अर्थची तार सुटली तर गुणगुण येते, ती तर बहिऱ्यालाही ऐकू येईल. पण ते दोष झाले. महाग वायर त्यावर औषध नाही.

खरा फरक पाडला तो चादरीने. आमची खोली शहाबादी फरशीची, भिंती उघड्या, टाळी वाजवली तर झणझणायची. समोरच्या भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी करून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगली, खाली सतरंजी घातली. तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू आल्या. हे डोळे बांधूनही ओळखता येतं.

मेहुण्याची वायर मात्र अजून जोडलेलीच आहे. तो आला की विचारतो, "काय दाजी, पडला ना फरक?" मी म्हणतो, "पडला की!" बायको स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवते.