आमची वाटचाल: कॅमेरा, आरसा आणि एक रकाना

आमचा पहिला इंट्राओरल कॅमेरा तोंडात गेला की अर्ध्या मिनिटात त्याच्या काचेवर वाफ धरत असे. आमच्या दूरस्थ दंततपासणीच्या केंद्रावरची सहायिका तो बाहेर काढून पुसत असे, तोवर रुग्ण तोंड मिटून घेई, आणि दूर बसलेल्या दंतवैद्याकडे शेवटच्या दाढेऐवजी गालाचे आणि लाळेचे छायाचित्र पोहोचे. काच शरीराच्या तापमानाइतकी, म्हणजे सुमारे ३७ अंशांवर, आधीच उबदार ठेवली तर वाफ धरत नाही, हे ठाऊक असूनही त्या बारीक टोकात उष्णता देणारी तार सुरक्षितपणे बसवण्यात माझ्या भागीदाराने आणि मी जवळजवळ एक वर्ष घालवले. त्या वर्षात आम्ही एकही यंत्र विकले नाही, आणि मला आजही तेच वर्ष सर्वांत उपयोगी वाटते.

दूरस्थ दंततपासणीची कल्पना नवी नव्हती. अमेरिकी लष्कराने १९९४ मध्येच तसा प्रकल्प हाती घेतला होता. तरी दंतवैद्य तिच्यापासून लांब राहिले, आणि आमच्या क्षेत्रातील बहुतेक विक्रेते त्याचे खापर त्यांच्या जुन्या वळणावर फोडत. मला ते कधीच पटले नाही. दात ठोकून पाहणे, प्रोबने, म्हणजे टोकदार सळईने, चाचपणे, थंडाव्याला तो कसा प्रतिसाद देतो ते बघणे, यांतले काहीही पडद्यावरून होत नाही. दोन दाढांच्या मधली कीड तर बाइटविंग, म्हणजे पट्टी दातांत चावून धरून काढलेल्या, एक्स-रेशिवाय बहुधा हाती लागत नाही. ज्याच्या सहीने दात काढला जाणार, त्याने अपुऱ्या चित्रावर मत देण्यास नकार दिला, तर तो त्याच्या व्यवसायाचा धर्म आहे.

हे आम्हाला शिकवले ते आमच्या पहिल्या ग्राहक असलेल्या एका ज्येष्ठ दंतवैद्य बाईंनी. आम्ही पाठवलेल्या पहिल्या संचातील निम्म्याहून अधिक चित्रे त्यांनी परत केली आणि प्रत्येकावर लिहिले, ‘येथे मला दिसत नाही.’ मी रागावून त्यांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी मला खुर्चीशेजारी दिवसभर उभे केले, गाल बाजूला धरायचा रिट्रॅक्टर माझ्या हाती दिला, आणि कोरड्या न केलेल्या दातावर पडलेला प्रकाश कीड कशी लपवतो ते दाखवले. त्या दिवशी आमच्या अहवालात ‘दिसत नाही’ हा रकाना आला. तो भरल्याशिवाय, म्हणजे चित्रातून कशाचा निर्णय होऊ शकत नाही हे नोंदवल्याशिवाय, अहवाल पुढे जात नाही. त्याच रकान्यामुळे इतर दंतवैद्य आमच्याकडे येऊ लागले, कारण त्यांच्या जबाबदारीची सीमा प्रथमच कागदावर आली होती.

पुढची काही वर्षे बरी गेली.

मार्च २०२० मध्ये महामारीने दवाखाने बंद पडले. दात कोरण्याच्या यंत्रातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांची भीती इतकी होती की अनेक ठिकाणी केवळ तातडीचे उपचार सुरू राहिले, आणि कालपर्यंत आम्हाला टाळणारे दंतवैद्य स्वतःहून दूरध्वनी करू लागले. त्याच वेळी एका मोठ्या प्रतिस्पर्ध्याने थेट व्हिडिओ सल्ल्याची सेवा फुकट दिली. व्हिडिओवर रुग्णाशी बोलता येते, सूज किती आहे हे समजते, औषधांची चौकशी होते; दाढेचा खळगा मात्र मोबाइलच्या हलत्या चित्रात दिसत नाही. हे माहीत असूनही मी घाबरलो, कर्ज काढले आणि तशीच सेवा घाईने बाजारात आणली. त्या घाईत आरशाची तपासणी गाळली गेली.

वाचकांना ठाऊकच आहे की चघळण्याचा पृष्ठभाग टिपताना चित्र आरशातून घ्यावे लागते आणि ते उलटवून घेतले नाही तर डावे-उजवे बदलते. खालची डावी पहिली दाढ, म्हणजे दंतवैद्यांच्या क्रमांकात ३६, पाहणाऱ्याला ४६, म्हणजे उजवीकडची तीच दाढ, वाटते. एका चित्राबाबत तसेच घडले. दात काढायचा चिमटा उचलण्यापूर्वी समोरच्या दंतवैद्याने तोंडात पुन्हा नीट पाहिले म्हणून निरोगी दाढ वाचली. आम्ही त्याच आठवड्यात सर्व ग्राहकांना पत्र लिहून चूक कळवली. प्रतिस्पर्ध्याच्या विक्रेत्यांनी ते पत्र दारोदार दाखवले. निम्मे ग्राहक गेले, कॅमेऱ्यांचे खोके पडून राहिले, आणि भागीदाराने आपला हिस्सा मागितला. प्रतिस्पर्ध्याची सेवा आरशाचे चित्र कधीच तपासत नव्हती, हे एकाही ग्राहकाने विचारले नाही. याचा सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बाईंनी त्या काळात दोन वर्षांचे शुल्क आगाऊ भरले. आम्ही व्हिडिओ बंद केला आणि जुन्या पद्धतीवर परतलो: प्रशिक्षित सहायिका चित्रे घेते, दंतवैद्य सवडीने पाहतो, आणि रुग्णाला खुर्चीवर केव्हा आणायचे ते ठरवतो. दवाखाने पूर्ववत सुरू झाल्यावर बाजारातली व्हिडिओची गर्दी ओसरली. आमच्याकडे मात्र दात काढल्यानंतरची जखम, कवळीने टोचलेली हिरडी, दात सरळ करण्याच्या तारेचा सुटलेला ब्रॅकेट, अशी कामे टिकून राहिली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगतो: कॅमेरा घेण्यापूर्वी तो खऱ्या तोंडात शेवटच्या दाढेपर्यंत नेऊन पाहावा. दातांचे क्रमांक कोणत्या पद्धतीने लिहायचे ते आधी ठरवावे, कारण एका पद्धतीत १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ आणि दुसरीत खालची डावी दुसरी दाढ. स्वतःची चित्रे प्रमाणित, म्हणजे इतर यंत्रणांतही उघडतील अशा, स्वरूपात परत मिळत नसतील तर फुकट सेवाही घेऊ नये. तोंडातील, दोन आठवड्यांत न भरलेल्या व्रणावर चित्र पाहून धीर देऊ नये. रुग्णाला बोलावून घ्यावे.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या जागी आलेल्या तरुण दंतवैद्याने पहिल्याच दिवशी मला विचारले की ‘दिसत नाही’ हा रकाना सक्तीचा का आहे. मी त्यांना बाईंचा दूरध्वनी क्रमांक दिला.