४००० हर्ट्झवरची खाच

ऐंशीच्या पुढच्या माणसाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, मला बहुतेक वेळा तपासणीआधीच सांगता येतो. जाड आवाजांच्या बाजूला रेघ बऱ्यापैकी वर असते आणि बारीक आवाजांकडे घाट उतरल्यासारखी खाली येते. स्वर ऐकू येतात, स, श, फ, थ गळतात. घरचे सांगतात, "आवाज जातो हो, पण बोललेलं कळत नाही." दादरच्या आमच्या क्लिनिकमध्ये दिवसभर हेच चालतं. उरलेला वेळ ऑनलाइन मागवलेली कानाची मशीनं घेऊन येणाऱ्यांत जातो. नुसता आवाज मोठा करणारं मशीन वेगळं आणि कान मोजून जुळवलेलं वेगळं, हे लोकांना पैसे वाया गेल्यावरच पटतं, याचा मला खरोखर राग येतो.

गेल्या महिन्यात आलेले काका नौदलातले वैमानिक. रुईयातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग नौदलात गेले आणि अलिझे ही पाणबुड्या शोधणारी विमानं चालवायला लागले. १९७१च्या डिसेंबरात ते आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजावर, बंगालच्या उपसागरात होते. नौदल सोडल्यावर बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत नोकरी केली. सोबत मुलगी आली होती, आणि तक्रार तिचीच होती.

साउंडप्रूफ खोलीत बसवून हेडफोन लावले, हातात बटण दिलं. इथे बहुतेक माणसं पास व्हायला बघतात. टोनच्या लयीची सवय झाली की काही वाजलेलं नसतानाही बटण दाबतात. म्हणून मी दोन टोनमधलं अंतर सारखं बदलते, कधी बराच वेळ काहीच वाजवत नाही. काकांनी एकदाही उगाच दाबलं नाही. ऐकू आलं तर दाबायचं, नाही तर नाही. एवढी स्वच्छ तपासणी फार कमी जण देतात. आलेख मात्र अपेक्षेप्रमाणे वाईट होता, डावा कान जास्त.

मग त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. १९७३च्या वैद्यकीय तपासणीतला त्यांचाच ऑडिओग्राम. माझ्या कामात असं काही हाती लागत नाही, लोकांना मागच्या वर्षीचा रिपोर्ट सापडत नसतो. त्यावर डाव्या कानाला ४००० हर्ट्झला खोल खाच होती आणि ८००० ला रेघ परत वर आलेली. ही गोंगाटाची सही. वयाने कान जातात तेव्हा रेघ खाली जाते ती जातेच, वर येत नाही. आज ऐंशीव्या वर्षी दोन्ही एकमेकांत मिसळून गेलंय. आजच्या कागदावरून वयाचा वाटा किती आणि जहाजाच्या डेकवरच्या गोंगाटाचा किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. जुन्या कागदावरून येतं.

डेक म्हणजे काय गोंगाट असेल! ८५ डेसिबलला आठ तास हा सुरक्षित पल्ला मानतात, पुढे दर ३ डेसिबलला तो निम्मा होतो. १०० ला पंधरा मिनिटं उरतात. चालू जेटजवळ आवाज १३० च्या घरात जातो, आणि तिथे सीहॉक विमानं उडत होती. अलिझेचं डार्ट इंजिनही कर्कश. इंडियन एअरलाइन्सच्या अ‍ॅव्रो, फॉकर फ्रेंडशिपचं तेच, सांताक्रूझच्या जुन्या लोकांना तो आवाज आठवेल.

मी हे उत्साहाने समजावत होते, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"मला पेन्शन वाढवून नकोय, मुली. एकच विचारायचंय."

युद्धातली एक रात्र. कामगिरी करून परतत होते. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि जहाज जेवढं धीमं तेवढा डेकवर समोरून वारा कमी, तेवढं उतरणं अवघड. काकांची नजर उतरण्याच्या दिव्यांवर. डेकवरून रेडिओवर 'वेव्ह ऑफ' आला, म्हणजे उतरू नका, वर घ्या. त्यांना तो कळलाच नाही. सोबतचा ऑब्झर्व्हर जिवाच्या आकांताने ओरडला तेव्हा थ्रॉटल पुढे गेला. दुसऱ्या फेरीत नीट उतरले. ऑब्झर्व्हरने ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. तोही आता नाही.

"तेव्हा कान गेले होते, की मी घाबरलो होतो?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिने हे कधी ऐकलेलं नव्हतं.

मी कागद पुन्हा हातात घेतला. रेडिओवरचं बोलणं साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये असतं. त्या पट्ट्यात १९७३ साली त्यांचे दोन्ही कान उत्तम होते. खाच होती ती पट्ट्याच्या बाहेर. म्हणजे कायमच्या इजेने ती हाक बुडाली नाही, हे मी सांगितलं. मोठा गोंगाट सोसल्यावर कान काही तास तात्पुरते बधिर होतात आणि मग सावरतात, त्याचा कागदावर मागमूस राहत नाही, हेही सांगितलं. आणि तिसरं: सगळं लक्ष डोळ्यांत एकवटलं की धडधाकट कानांच्या वैमानिकांनाही इशाऱ्याचा भोंगा ऐकू येत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्याला भीती म्हणत नाहीत.

काका म्हणाले, "म्हणजे कान चांगले होते."

मी तिसरा मुद्दा परत सांगितला. त्यांनी मान डोलावली, पण त्यांच्यापर्यंत पहिलाच पोचला होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "कानच गेले होते, असं सांगितलं असतंत तर तुमचं काय बिघडलं असतं?" आमच्या क्लिनिकमधल्या सिनिअरांचंही तेच मत पडलं. मला ते पटत नाही. जो माणूस बटणसुद्धा उगाच दाबत नाही, त्याला सोयीचं उत्तर द्यायचं? शिवाय ते फिजिक्सवाले, तो पट्टा त्यांना माझ्याआधी माहीत असणार. पण मुलीचा आवाज कानातून जात नाही, हेही खरं.

पुढच्या आठवड्यात मशीनचं फिटिंग आहे. काकांनी स्वतः फोन करून सांगितलं की लॉगबुक घेऊन येतो, त्या रात्रीच्या आधीच्या दिवसांचा गोंगाटाचा हिशेब मांडू. मी म्हटलं, लॉगबुकात उडण्याचे तास असतात, डेकवर उभं राहिल्याचे नसतात. उत्तर त्यातून निघणार नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "आकडे तर बघू."

मी त्यांच्यासाठी दुपारच्या दोन अपॉइंटमेंट मोकळ्या ठेवल्या आहेत.