उतार फुकटाचा

गाडी ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न आमच्याकडे गोव्यात लग्नाच्या पंगतीतही निघतो, आणि उत्तर देणारा दोन-तीन किलोमीटर पदरचे घालूनच सांगतो. उभ्या गाडीचा हिशेब मात्र कुणी त्यात धरत नाही.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीसाठी रांग लागलेली असते. मे महिना, काचा वर, एसी चालू. इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे मारत गुरगुरत असतं आणि गाडी तसूभर हलत नाही. साधी पेट्रोलची कार अशी नुसती उभी राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल संपवते. एसी लावला की आकडा वरच्या टोकाकडे सरकतो. अर्धा तास थांबलात, तर पणजीहून पर्वरी गाठता येईल एवढं पेट्रोल मांडवीच्या काठावर बसल्याजागी गेलं. सारखं बंद-चालू केलं की जास्त जातं, असं म्हणतात खरं. पण आताच्या गाडीचं गरम इंजिन पुन्हा चालू करायला दहाएक सेकंद उभं राहण्याइतकंच पेट्रोल लागतं. तरी त्या उकाड्यात एसी बंद करा, असं मी कुणाला सांगणार नाही. घरात राहायचं आहे मला.

याच्या अगदी उलट चमत्कार चोर्ला घाटात. माथ्यावरून केरीकडे उतरताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. इंजिन चांगलं दोन हजारांवर फिरत असतं, आवाजही मोठा येतो, आणि पेट्रोल जातं शून्य. थेंबभरही नाही. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, हे गाडीतल्या कॉम्प्युटरला कळतं आणि तो इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करून टाकतो. फेरे हजार-बाराशेच्या आसपास उतरले की इंजिन बंद पडू नये म्हणून पुन्हा पेट्रोल सोडतो. शिवाय गाडी स्वतःला आवरत उतरते, ब्रेक तापत नाहीत, ते वेगळंच.

आमच्या सत्तरीच्या मामांना हे पटत नाही. उतार लागला की खटकन न्यूट्रल. "देवानं उतार फुकट दिलाय, मग पेट्रोल कशाला जाळायचं?" आता न्यूट्रलमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो, त्याला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल जातंच. पण मामा गाडी शिकले फियाटवर. तिच्यात इंजिनाच्या ओढीनं पेट्रोल आत सोडणारा कार्ब्युरेटर, त्याला कॉम्प्युटर कुठला? पाय काढला तरी इंजिन ओढ घेतंच आणि पेट्रोल आत जातंच. फेरे जितके जास्त, तितकं जास्त. त्या गाडीत न्यूट्रल मारल्यानं खरंच वाचत होतं. २००० सालाच्या आसपास इंजेक्शनची इंजिनं सर्रास आली, मामांचा डावा हात मात्र तिथेच राहिला.

घाटात मी त्यांना ते करू देत नाही. इंजिनाची पकड सुटलेली गाडी वळणावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर असते, आणि कुणी पुढे जाऊन किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं, तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड.

सपाटीला लागण्याआधीच्या लांब, हलक्या उताराची गोष्ट मात्र निराळी. तिथे गिअरमध्ये ठेवलेली गाडी इंजिनच मागे खेचतं, वेग पडतो आणि तो परत मिळवायला ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. वर वाचवलेलं तिथे गेलं. न्यूट्रलमधली गाडी मात्र घरंगळत दूर जाते. तासाला पाऊण लिटर धरा आणि वेग साठचा, म्हणजे लिटरला ऐंशी किलोमीटर पडले! सुरक्षिततेचा मुद्दा इथेही उरतोच, पण नुसत्या पेट्रोलच्या हिशेबात मामा अशा ठिकाणी जिंकू शकतात. हा आकडा मी अजून त्यांच्या कानावर घातलेला नाही, आणि घालायचा विचारही नाही.