आज रांगेत

सुट्ट्यांचे दिवस, त्यात पार्सल वेळेत पोचावं म्हणून पाठवायचा शेवटचा दिवस. रांगेत माझ्या पुढे 14 जण (हो, मोजले. दुसरं करणार काय?). सगळ्यांची तोंडं वाकडी, मीही त्यातलीच.

माझ्या अगदी पुढे एक आजोबा होते. हातात जुना खोका, पत्ता बॉलपेनने लिहिलेला, निम्मा पुसलेला. खिडकीपाशी पोचले तर आतून उत्तर आलं, "काका, असं नाही चालणार. नीट पॅक करून आणा." आजोबा नुसतं "बरं" म्हणाले आणि खोका उचलून वळले. त्या "बरं"ने कसंतरीच झालं, पण मी जागची हलले नाही. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं की चला, आता आपलाच नंबर.

तेवढ्यात मागून कॉलेजातली एक मुलगी रांग सोडून पुढे आली. तिच्याकडे चिकटपट्टी होती. तिथेच खाली बसली, खोका चारी बाजूंनी गुंडाळला, "आजोबा, सांगा पत्ता" म्हणत ठळक अक्षरांत लिहून काढला. घरनंबर दोनदा विचारून घेतला. तोवर तिची रांगेतली जागा गेली होती. मग कोणीतरी म्हणालं, आधी या दोघांना घ्या. मघाशी धक्क्यावरून भांडणारे गृहस्थसुद्धा गप्प बाजूला सरकले.

घरी आल्यावर पहिल्यांदा ड्रॉवर उचकला. चिकटपट्टी सापडली. पर्समध्ये टाकून ठेवली आहे.