येन की अर्जुन?

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या शाळेमागच्या नाल्याकाठी आठवीच्या विद्यार्थ्यांना झाडे ओळखायला नेताना मी पुस्तक मुद्दाम वर्गातच ठेवतो. परवा ऐन आणि अर्जुन यांनी मुलांना, खरे तर क्षणभर मलाही, चकवले. कारण ही झाडे एकाच कुळातली असून दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. सालीवर हात फिरवल्यावर उलगडा झाला: ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी काळपट व भेगाळलेली, तर अर्जुनाची गुळगुळीत, पांढरट आणि पापुद्रे सुटणारी. पंखांवरच्या शिराही पाहिल्या. ऐनाच्या सरळ आडव्या, अर्जुनाच्या वर वळलेल्या. “सर, आमच्या घरी ऐनाला येन म्हणतात,” असे एका मुलीने सांगितले, तेव्हा सर्वांच्या वहीत तेच नाव आधी लिहवून घेतले.